पोटातली चांदी

ज्या बाईच्या बेंबीशी गाठ आली आहे आणि जी ती पदराखाली लपवून पाण्याला जाते आहे, तिच्यासाठी हे लिहिते. मीही लपवली. दीड वर्ष लपवली. त्यानंतर माझं पोट तीनदा उघडावं लागलं. एकदा उघडणं भागच होतं. उरलेल्या दोन वेळा चुकांमुळं. त्यातली एक चूक माझी आहे, ती मी झाकणार नाही.

माझे वडील शाळामास्तर होते, त्यामुळं मला लिहिता येतं आणि सगळं लिहून ठेवायची खोड आहे. कोणती वस्तू कुठल्या डब्यात, सांडगे कधी घालायचे, विहिरीचा दोर कधी बदलला. वाटूरच्या आमच्या घरात सगळे माझ्या वहीला हसतात आणि अडकित्ता सापडला नाही की त्याच वहीकडं येतात. दवाखान्यात ती माझ्या उशाशी होती. पुढं जे सांगते त्यातलं बरंचसं वहीतलं आहे.

गाठ

विहिरीवर हंडा डोक्यावर घेताना पोटात काहीतरी सरकलं. दुखलं नाही. घरी येऊन पाहिलं तर बेंबीच्या वर लिंबाएवढा उंचवटा. आडवी झाले की आत जायचा, उभी राहिले की बाहेर. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून घट्ट बांधली आणि कामाला लागले.

एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "धाकटे, पोटुशी हाईस का?"

मी तेव्हा चाळिशीला टेकले होते. एकुलती एक मुलगी जाफराबादला नांदत होती.

"न्हाई, आत्याबाई."

"मंग पोट धरून कामून चालून राह्यलीस?"

"वात धरलाय."

मी 'धाकटी' का, तेही सांगते. मी दुसरेपणाची. ह्यांची पहिली बायको लग्नानंतर दोन वर्षांनी तापात गेली. तिला घरात सगळे 'थोरली' म्हणतात, मेल्यावरही. तिचा टाक माझ्या गळ्यात होता. ज्यांच्याकडं ही रीत नाही त्यांच्यासाठी: टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची आकृती. दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, जेवायच्या आधी पहिला घास तिला दाखवायचा आणि काही झालं तरी तो गळ्यातून काढायचा नाही. काढला तर पहिली कोपते आणि दुसरीला घेऊन जाते. एकवीस वर्षं मी तो बाळंतपणातसुद्धा काढला नव्हता. रोजचा पहिला घास तिचा.

ज्या दिवशी कळलं

ज्वारी निघायचे दिवस होते. भाकरी थापताना गाठ बाहेर आली ती आत जाईना. दगडासारखी झाली. मी चुलीपुढंच आडवी झाले, मग उलट्या सुरू झाल्या. सासूबाईंनी आधी तव्यावरची भाकरी उलटली, मग ह्यांना हाक मारली. मी ते बघितलं. रागावले नाही. मीही तसंच केलं असतं.

वाटूरहून परतूर स्टेशनापर्यंत बैलगाडी आणि पुढं जालन्यापर्यंत आगगाडी. त्या वाटेचं वर्णन करत नाही. एवढंच सांगते, की प्रत्येक खड्डा मला वेगळा आठवतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गोऱ्या होत्या. सगळे त्यांना मिससाहेब म्हणत. मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळं त्या शिव्याही शुद्ध देत. त्यांनी माझे पाय उंचावर बांधले आणि तासभर दोन्ही हातांनी गाठ दाबत राहिल्या. आत गेली तेव्हा त्यांचाही चेहरा घामानं ओला झाला होता.

"किती दिवस लपवली?" त्यांनी विचारलं.

"दीड वर्ष."

"मूर्ख आहात. आज आत गेली. पुढच्या वेळी जाईलच असं नाही. आतडं अडकून राहिलं तर एका दिवसात मराल."

ह्यांनी विचारलं, "औषध न्हाई का काई, मिससाब?"

"धोतर फाटलं तर तुम्ही त्याला औषध लावता?"

"ठिगळ लावतो," सासूबाई मधेच बोलल्या.

"मग ठिगळच. चांदीचं."

पोटाचं भोक मोठं होतं आणि कडा जुन्या कापडासारख्या विरलेल्या. नुसतं शिवलं तर पुन्हा उसवणार. त्यावर चांदीच्या बारीक तारेची जाळी बसवायची, आतलं मांस जाळीत रुजतं आणि भिंत धरते. अशा जाळ्या विलायतेहून येत. पण लढाई चालू होती आणि मागच्या वर्षापासून एकही पेटी आली नव्हती. "तुमच्या मुलखात सोनार चांगले आहेत," मिससाहेब म्हणाल्या. "मी सांगते तशी करून आणा. एक तार चुकली तरी मला चालणार नाही."

त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. ते पान जसंच्या तसं:

१. चांदी निव्वळ. रुपये वितळवायचे नाहीत. दागिने वितळवायचे नाहीत. त्यात तांबं असतं, ते पोटात सडवतं.
२. तार शिवायच्या दोऱ्याएवढी. हातानं वाकेल इतकी मऊ.
३. जाळी विणायची. जोडाला डाख लावायचा नाही. (सोनार जोड बसवायला जो धातू वितळवतात तो. त्यातही तांबं.)
४. माझ्या तळहाताएवढी. कडा आत वळवलेल्या.
५. ऑपरेशनच्या वेळी अंगावर काही नको. गळा मोकळा.

पाचव्या कलमाला सासूबाई पुढं सरकल्या. "मंगळसूत्र बी?"

"ते मनगटाला बांधू."

"आन टाक?"

"काहीही नको म्हणजे काहीही नको."

"किती येळ?"

"दोन तास."

सासूबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे त्यांचं काहीतरी ठरलेलं असतं. हे मला एकवीस वर्षांत कळायला हवं होतं.

मी जे लिहिलं नाही

निव्वळ चांदीची लगड ह्यांनी जालन्याच्या सराफाकडूनच घेतली. जाळीही तिथंच करून घ्यावी असं मी म्हटलं. पण आमच्याकडं घरचा सोनार सोडून दुसऱ्याच्या हातात धातू देत नाहीत. वाटूरच्या सोनारकाकांच्या वडिलांनी सासूबाईंच्या लग्नातले तोडे घडवले होते, आणि काका आता साठीचे असूनही डोळ्याला भिंग लावून केसाएवढी तार ओढतात. मी ऐकलं.

मला चालायची बंदी होती. लगड आणि कागद घेऊन सासूबाई गेल्या. जाताना म्हणाल्या, "टाक दे. कडी झिजलीया. आता काढायचाच हाय तर बराबर करून आनते." गळ्याला त्यांनी हळकुंड बांधून दिलं, थोरलीची समजूत म्हणून. मला बरं वाटलं. वहीत पाचव्या कलमाखाली खूण केली: टाक, काम झालं.

त्या पानावर चांदी कशी, तार किती, जाळी केवढी, सगळं होतं. 'सोनारापाशी कोण बसणार' हे नव्हतं.

आठ दिवसांनी जाळी आली. टाक ऑपरेशननंतर घालायला म्हणून सासूबाईंपाशीच असेल, असं मी धरलं. चिंचेच्या पाण्यात उकळून उजळलेली, दुधासारखी पांढरी. इतकी सुंदर वस्तू माझ्या अंगावर कधी नव्हती, आणि ही तर कोणाला दिसणारही नव्हती. मी बोटानं वाकवून पाहिली. वाकली, पण ताठ होती, सोडली की परत सरळ. वहीत लिहिलं: 'कडक वाटते.' आणि पान उलटलं.

दवाखान्यात मिससाहेबांनीही ती वाकवली. कपाळाला आठी घातली. "निव्वळ आहे ना? डाख नाही ना?"

"नाही. मी स्वतः पाहिलंय," मी म्हणाले.

मी पाहिलं नव्हतं. जालन्याला दुसऱ्यांदा येऊन पोचले होते, उद्या सुटका होणार होती आणि मला आता कोणतीही शंका नको होती. ही माझी चूक. आपल्या सवयीवर विश्वास असलेल्या माणसांकडून ती होते. आपण सगळं बघतो असं सगळे म्हणतात, मग न बघितलेलंही बघितलं असं आपल्याला वाटायला लागतं.

पाठीवर

क्लोरोफॉर्मचा वास गोड असतो आणि किळस येते. नर्स शांताबाई म्हणाल्या, "आकडे मोजा." मी गहू, तांदूळ, हरभरा, तूर असे डबे मोजले. मिरचीपर्यंत पोचले नाही.

नंतर तीन आठवडे पाठीवर. कुशीवर वळायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. त्यातलं शेवटचं सोपं होतं. सकाळी सहाला तोंड पुसणं, सातला प्रार्थना, आठला जखमेची पट्टी, दहाला मिससाहेबांची फेरी, दुपारी पेज. पहिले दोन दिवस पाणी नाही. शांताबाई ओला बोळा ओठावर फिरवायच्या आणि मी तो दातांत धरला की नाकाला चिमटा काढून सोडवायच्या.

"चोरटी हाईस," म्हणायच्या. "आमच्या म्हशीवानी."

शेजारच्या खाटेवर जाफराबादकडची एक बाई होती, पोटातला गोळा काढलेली. तिनं मला शिकवलं: खोकला आलाच तर उशी पोटाशी दोन्ही हातांनी आवळायची आणि तोंड उघडं ठेवायचं. हे कोणत्याही डॉक्टरनं सांगितलं नाही. ज्यांना गरज आहे त्यांनी लिहून ठेवा. ती बाई सहाव्या दिवशी गेली. तिची उशी शांताबाईंनी मला दिली.

सासूबाई दवाखान्याच्या आवारातच चूल मांडून राहिल्या होत्या. रोज येऊन माझ्या पोटावरच्या पट्टीकडं बघायच्या आणि हात जोडायच्या. मला वाटलं, माझ्यासाठी.

नवव्या दिवशी ताप आला. अकराव्या दिवशी शांताबाईंनी पट्टी सोडली आणि मान फिरवली. वास मलाही आला. पू हिरवट होता. जुनं पितळेचं भांडं ताकानं कळकतं, तसा हिरवा.

बाहेर

लढाईमुळं क्लोरोफॉर्मही तुटपुंजा होता. जाळी बसवताना मला पुरेसा मिळाला, काढताना नाही. जाळी काढताना मी जागी होते की नव्हते हे मला सांगता येत नाही, पण शांताबाईंच्या मनगटावर माझ्या दातांचे वण महिनाभर होते. जाळीत मांस रुजायला लागलं होतं. रुजावं म्हणूनच तर बसवली होती. त्यामुळं ती अखंड निघेना. तुकडे करून, एकेक तार ओढून काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी मिससाहेबांनी इनॅमलच्या वाटीत ते तुकडे आणून माझ्या खाटेवर ठेवले. काळे पडलेले, कडेला हिरवे.

"ह्यात तांबं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, मी स्वतः पाहिलंय."

मी वाटी जवळ ओढली.

"मी दोन तास तुमचं पोट शिवलं. तुमच्या एका वाक्यावर."

सासूबाई पायथ्याशी होत्या. त्यांनी वाटीत डोकावून पाहिलं आणि एकदम खाली बसल्या. छाती पिटायला लागल्या. "माझी थोरली! काय हाल केले गं माझ्या बाईचे!"

सगळ्या खाटा आमच्याकडं बघायला लागल्या. मिससाहेबांना कळेना. मला कळलं. माझा हात गळ्याकडं गेला, तिथं ऑपरेशननंतर परत बांधलेलं हळकुंड होतं.

"आत्याबाई, टाक कुठंय?"

"कुटं म्हंजी? तुज्या पोटात व्हता की!" त्या रडत रडतच बोलत होत्या, आणि त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी बिलकुल नव्हती. "गळ्यात चालत न्हाई म्हनली ना ही? उघड्या गळ्यानं तुला कापली आसती तर थोरलीनं तवाच नेली आसती. मंग मी म्हनलं, पोटातच बसू दे. वितळवून घाल म्हनलं सोनाराला. आतून धरंल तुला. चांगलं केलं न्हवं मी?"

"कागदावर लिहिलं होतं, दागिने वितळवायचे नाहीत."

"टाक काय दागिना हाय का?"

टाक दागिना नाही. तो देव्हाऱ्यातला आहे. मिससाहेबांना हे कलम सुचणं शक्य नव्हतं, आणि मला सुचायला हवं होतं.

"त्यात तांबं निघालं, आत्याबाई."

"थोरलीच्या टाकात? निव्वळ चांदीचा व्हता!"

दाराशी हे उभे होते. टोपी हातात. ते खाली बघत म्हणाले, "न्हाई, आई. बाबानं गुपचूप परतूरला जाऊन आत तांब्याचा पत्रा घालून वरून चांदी चढवून घेतल्ती. मी संगं गेल्तो."

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "एकवीस वर्षं?"

"मला कुनी इचारलंच न्हाई."

नंतर मला कळलं, सोनारकाकांनाही मुशीत, चांदी वितळवायच्या भांड्यात, तांबं दिसलं होतं. त्यांनी ते चांगलंच मानलं. निव्वळ चांदी मऊ, आमच्याकडच्या बाईचं पोट पेलायचं तर थोडी बळकटी हवी, असा त्यांचा हिशेब. म्हणजे सगळ्यांनी माझ्यासाठी चांगलंच केलं. मी वहीत चौघांची नावं लिहिली: सासूबाई, हे, सोनारकाका, मी. समोर काय लिहावं ते सुचलं नाही.

मिससाहेबांनी माझ्याशी आठ दिवस बोलणं टाकलं. नवव्या दिवशी म्हणाल्या, "एक तार मला सापडली नाही. खोल गेली आहे. तिथं जखम स्वच्छ आहे, राहू दे." आणि मग: "सहा महिन्यांनी या. जखम पूर्ण भरल्यावर. निव्वळ चांदी घेऊन. सोनार माझ्यासमोर बसेल. तोपर्यंत आतडं अडकलं नाही तर."

सहा महिने

भोक आता पहिल्यापेक्षा मोठं होतं. कातडी पातळ, तिच्याखाली आतड्याची हालचाल दिसायची. कातड्याचा पट्टा बांधून घरी आले. करायच्या नाहीत अशा गोष्टींची यादी सव्वा पान झाली: वाकणं, उचलणं, दळणं, खोकणं, उकिडवं बसणं, मोठ्यानं हाक मारणं.

सासूबाईंनी मला काडीही उचलू दिली नाही. पाणी त्यांनी स्वतः आणलं, सत्तरीला. आणि एके दिवशी हंडा उतरवून ठेवत, धापा टाकत, माझ्यासमोरच ह्यांना म्हणाल्या, "कुंभार पिंपळगावला एक जागा हाय. पोरीचं वय झालंय, पायानं जरा लंगडती, पन हाडानं बळकट हाय. बघून ये."

"कशाला, आई?"

"घराला हात नकोत व्हय? ही काय टिकत न्हाई. मिससाबच म्हनली, आडकलं की एक दिस."

मी तांदूळ निवडत होते. हे माझ्याकडं बघत राहिले. मी काही म्हणावं म्हणून ते थांबले होते. मी म्हटलं असतं तर त्यांनी तसं केलं असतं. मी म्हटलं नाही, म्हणून ते बाजाराच्या दिवशी जाऊन पोरगी बघून आले. यायला उशीर झाला म्हणून मी त्यांना वाढलंही.

लंगडी पोरगी बघून आलेल्या नवऱ्याला वाढताना बाईला काय वाटतं, हे मी इथं लिहिणार नाही. ज्या वाचतील त्यांना कळेल.

दुसरी जाळी कशातून करायची हा प्रश्न घरात कोणी काढला नाही. लगड पहिल्या जाळीत गेली होती. मी दोनदा काढला. सासूबाई म्हणाल्या, "एकदा झालं की. आता देवाच्या मनात आसंल तसं." त्यांच्यात द्वेष नव्हता. त्यांनी सहा महिन्यांचा अंदाज बांधला होता आणि त्याप्रमाणं त्या तयारीला लागल्या होत्या. त्यात काय काय होतं, ते मला सहा महिने भरत आले तेव्हा कळलं.

आलेला जिन्नस

घरात येणारा प्रत्येक जिन्नस मी उतरवून घेते. त्या दिवशी सासूबाई पाण्याला गेल्या होत्या. सोनारकाका ओसरीवर आले आणि मला बघून उभेच राहिले.

"आत्याबाई न्हाईत का, वहिनी?"

"येतील. काय आणलंत? द्या, लिहून घेते."

"न्हाई... मी मंग येतो."

"काका, इतक्या उन्हात आलात. ठेवून जा."

त्यांनी कनवटीची पुडी काढली, परत खोचली, परत काढली. शेवटी माझ्या हातात दिली आणि जल्दीनं पायरी उतरायला लागले. मी तिथंच पुडी सोडली.

टाक होता. माझ्या पंज्याएवढा. थोरलीच्या टाकापेक्षा चौपट मोठा. बाईची आकृती, दोन्ही हात खाली, कपाळावर कुंकवाचा ठिपका. सगळ्या टाकांतल्या बायका सारख्याच दिसतात.

"काका," मी म्हणाले, "हा कोणाचा?"

ते खालच्या पायरीवर पाठमोरे उभे होते.

"माझा आहे का?"

"सांगितलं त्यांनी, तसा केला मी." ते वळले. डोळे भरले होते. "म्हनल्या, येळेला घाई नको. तिसरी आली की तिच्या गळ्यात लागंल. थोरलीचा बारका व्हता म्हून ती रुसली, हा मोठा कर म्हनल्या."

"इतकी चांदी कुठली?"

"त्यांचे लग्नातले तोडे आनून दिले."

त्या तोड्यांसाठी सासूबाईंनी दोन दुष्काळ काढले होते, मोडले नव्हते.

"मग ह्यात तांबं आलंच."

"न्हाई, वहिनी! ह्या खेपेला बजावून सांगितलं, तांबं नको, परत भानगड नको. शिसं घालून तीनदा गाळली म्या. मुशीत पान्यावानी चमकली. ह्याच्यापेक्षा निव्वळ चांदी जालन्याच्या सराफाकडं बी न्हाई मिळायची."

मी टाक वाकवून पाहिला. मऊ होता. वाकला तो वाकलेलाच राहिला.

मी वहीत लिहून घेतलं: टाक एक, माझा, मिळाला.

सासूबाई आल्या, हंडा उतरवला. "सोनार आल्ता का?"

"आल्ता."

"काय दिलं?"

"माझा टाक."

त्या चुंबळ खुंटीला अडकवत म्हणाल्या, "मंग ठिव नीट. येळेवर धावपळ नको."

हे वाक्य माझं आहे. घरात मी ते रोज म्हणते.

पुन्हा जालना

संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले, "उद्या गाडी जुंपा. जालन्याला जायचंय. सोनारकाकांना पण घ्या." ह्यांनी गाडी जुंपली. सांगितलं की करतात, हा त्यांचा एकच गुण आणि तोच दोष.

सोनारकाका दवाखान्याच्या व्हरांड्यात जंतरडं घेऊन बसले. तार ओढायची भोकाभोकांची पट्टी असते, ती. मिससाहेब खुर्ची घेऊन समोर. टाक वितळायला टाकायच्या आधी काकांनी तो माझ्याकडं धरला. "नमस्कार करायचा का, वहिनी?"

"कोणाला?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. मिससाहेब म्हणाल्या, "काय आहे हे?"

"माझा मृत्यू झाल्यावर वापरायची वस्तू आहे," मी त्यांना समजेल अशा पुस्तकी मराठीत सांगितलं. "आधीच तयार होती."

त्या काकांना म्हणाल्या, "घाला मुशीत."

दोन दिवसांत जाळी झाली. मिससाहेबांनी वाकवली, ती वाकलेलीच राहिली. त्यांनी विचारलं, "शुद्ध?" मी म्हणाले, "ह्या खेपेला मी खरंच पाहिलंय."

क्लोरोफॉर्मच्या वेळी मी डबे मोजले. मिरचीपर्यंत पोचले.

आता

त्याला तीन वर्षं झाली. पोट सपाट आहे. भरलेला हंडा मी उचलत नाही, घागर उचलते. थंडीत जाळीच्या जागी आतून गार लागतं. कुंभार पिंपळगावच्या मुलीचं दुसरीकडं जमलं. मी टिकले असं कळल्यावर सासूबाईंनीच निरोप पाठवून मोडलं. तोड्यांचं त्यांनी एकदाही काढलं नाही.

गाठ असेल तर लपवू नका. कोणी काय आणून ठेवलं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. न बघितलेलं बघितलं म्हणू नका. खोकताना उशी धरा. एवढं पुरे.

एक राहिलं. थोरलीची तिथी माघात येते. आता तिचा टाक नाही. पण एक तार सापडली नव्हती, हे सासूबाईंनी मिससाहेबांच्या तोंडून ऐकलेलं आहे. म्हणून त्या दिवशी मी चटईवर आडवी होते. सासूबाई माझ्या पोटावरचा पदर बाजूला करतात, वणाला हळद-कुंकू लावतात, पुरणाचं ताट पोटाजवळ ठेवून डोळे मिटतात आणि थोरलीशी बोलतात. सुनेला सांभाळ म्हणतात. कोणत्या, ते म्हणत नाहीत. त्यांचे हात आता थरथरतात, कुंकू सांडतं. मी हलत नाही.

मग त्या ताट माझ्याकडं सरकवतात. मी उठून बसते. पहिला घास आता मी कोणाला दाखवत नाही.